पिसाळलेला मासा

"कोणाचा विश्वास बसणार नाही, वहिनी, पण तुमचा मासा पिसाळला!" सायकलींची पंक्चरं काढणाऱ्या सदूनानांनी रक्ताळलेला अंगठा नाचवला.

फुटलेल्या टाकीच्या काचांत वहिनींचा लाडका मासा मरून पडला होता. खरं सांगितलं तर या घराशी संबंध कायमचा तुटणार, हे नाना जाणून होते.

"तुम्ही दुरुस्त करायला सांगितलेल्या पाणी फिरवणाऱ्या पंपातून नको तेवढे बुडबुडे येत होते, म्हणून हवा शिरणारा सांधा शोधत होतो. तोच यानं तोंडाला फेस आणून अंगठ्याचा लचका तोडला! मी पाना हाणला, त्यानं शेपटीनं थोबाड फोडलं. टाकी फुटेपर्यंत जुंपली!"

वहिनींनी ओल्या फरशीवर बोट फिरवून हुंगलं.

"नाना, पंक्चर शोधता तसं सांध्याला साबणाचं पाणी लावलंत. पंपानं ते आत ओढलं. माझ्या माशाला साबण पाजून मारलंत, आणि वर पिसाळला म्हणता?"