खातेदाराशी संपर्क साधा

पोस्टाचं खातं एकदा लेबल छापायच्या सॉफ्टवेअरला जोडलं की वसंताचे महिन्याचे बावीस हेलपाटे वाचणार होते. सिंधीपुऱ्यातल्या घरातून खोकी लादून निघा, मोठ्या पोस्टात रांग धरा, खोक्याखोक्यावर हाताने पत्ता लिहा, सगळं बंद. लेबल घरात छापायचं, पोस्टाची गाडी दारातून माल उचलणार. वर पुण्याच्या एका दुकानाची दिवाळीची चारशे पाकिटांची ऑर्डर. ती मात्र शनिवारपर्यंत जोडणी झाली तरच.

आणि महिना झाला, पडद्यावर एकच ओळ: 'जोडणी अमान्य. खातेदाराशी संपर्क साधा.'

"खातेदार मैं ही हूँ!" वसंत फोनवर ओरडला. "मी माझ्याशीच काय संपर्क साधू?"

"सर, खाताधारक से एक बार बात तो कर लीजिए," पलीकडची सॉफ्टवेअर कंपनीची मुलगी म्हणाली.

त्याने फोन गादीवर आपटला. फोन महाग होता, गादी मऊ होती. रागातही एवढा हिशेब त्याचा सुटत नसे.

स्वयंपाकघरात त्याची बायको कोकिळा केळीचे वेफर्स तळत होती. पहाटे पाचपासून. निंबोला गावची कच्ची केळी निवडणं, सोलणं, तळणं, तिखटमीठ, सगळं तिचं. वसंताकडे 'व्यवहार'. खातं तिच्या नावावर होतं खरं, पण ते बाईमाणसाच्या नावाने कागद लवकर सरकतात असं त्याला कुणीतरी सांगितलं म्हणून. सही कुठे करायची ते त्यानेच बोट ठेवून दाखवलं होतं.

"अहो, लेबलवर नाव कुणाचं येणार?" झारा निथळत तिने विचारलं.

"वसंत वेफर्स. आणखी कुणाचं? तू तेलाकडे बघ."

तिचा मोबाइल वाजला. तिने तो पालथा घातला आणि तेलाकडे बघितलं.

"ळ!" वसंताला एकदम उलगडा झाला. "त्या पोस्टातल्या भाईदासने 'कोकिळा'चं 'कोकिला' करून ठेवलं असणार. हिंदीत ळ आहेच कुठे यांच्या?"

"असेल," ती म्हणाली. "दुपारी मंगलाकडे जाऊन येते, राजघाटावर."

हल्ली रोजच जायची. बहिणीकडे रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून वेफर्सच्या दोन पिशव्या भरून. बहिणीबहिणींच्या गुऱ्हाळात वसंत पडत नसे.

शनिवारी तो पोस्टाच्या खिडकीवर मूठ आपटत होता. "एक अक्षर धड लिहिता येत नाही आणि खुर्च्या अडवता? माझी चारशे पाकिटं बुडतायत, भाईदास!"

भाईदासने चष्मा पुसला.

"भाऊ, अक्षर बराबर आहे. जोडणीची मंजुरी खातेदाराच्या मोबाइलवरून द्यावी लागते. महिन्यापासून सांगून राहिलो, खातेदाराला विचारा. बावीस बार आले तुम्ही. एक बार तरी घरी विचारलं?"

"तिला काय कळतं यातलं?"

मागच्या ढिगातलं एक खोकं उचलून भाईदासने खिडकीत ठेवलं. सकाळीच राजघाटावरून गाडीने आलेलं. छापील लेबल, ळ चांगला ठसठशीत: 'प्रेषक: कोकिळा वेफर्स.' खाली पुण्याच्या त्याच दुकानाचा पत्ता, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत, 'खोकं चाळीसपैकी चाळिसावं.' पाकिटं चारशे, कोकिळेची. हेलपाटे बावीस, वसंताचे.