आपापला कप

या, पुढं सरका, सतरंजीवर जागा आहे. गोष्ट लहान आहे, एका कपात मावेल एवढी. पण ती पुरती होईपर्यंत उठायचं नाही, एवढं कबूल करा.

वडगाव रासाईत चांगदेवआबांच्या ओट्यावर सकाळचं ऊन आलं होतं. आबा चहा पीत होते. शेजारी विठाबाई मोबाईल हातभर लांब धरून बसल्या होत्या. मोबाईलमध्ये नात होती, करुणा. दोन महिन्यांमागं ती नर्सच्या नोकरीवर मेलबर्नला गेली होती. तिकडं दुपार झाली होती.

"जय भीम, आबा. चला, आज तुम्हाला कॉफी दाखवते," करुणा चालता चालता म्हणाली. "इथं कॉफीचं लई वेड हाय. गल्लीगल्लीला दुकान. पहिल्या दिवशी मी नुसतं 'एक कॉफी' म्हणाले, तर मलाच पाच प्रश्न. दूध कुठलं, कडक किती, लहान का मोठी. एवढं इंटरव्ह्यूला विचारलं नव्हतं."

"साखर तरी घालत्यात का?" विठाबाईंनी विचारलं.

"कुणी न्हाई घालत, आज्जी. मी घालते, गुपचूप."

आबा हसले. करुणानं पिशवीतून एक हिरवा कप काढून मोबाईलपुढं धरला. "आन् हा माझा. इथं आपापला कप घेऊन जायचं."

आबांचं हसू तिथंच थांबलं. "आपापला म्हंजी?"

"म्हंजी घरनंच न्यायचा, आबा. दुकानात गेलं की..."

चित्र गोठलं. करुणाचं तोंड अर्धवट उघडं, हातात हिरवा कप. मग तेही गेलं.

"लाव परत," आबा म्हणाले.

विठाबाईंनी लावला. लागला नाही. पुन्हा लावला.

"तिला येगळा कप हाय."

"अवं, फ्याशन असंल तिकडची."

"आपल्याकडं बी रीतच म्हणायचे."

कुठली रीत, ते विठाबाईंना ठाऊक होतं. शिरूरला एका हॉटेलाबाहेर लिंबाच्या झाडाला खिळा ठोकलेला होता. आबांच्या तरुणपणी त्यांच्या वस्तीतल्या माणसांचा कप त्या खिळ्याला असे. आपणच काढायचा, आपणच विसळायचा, खाली धरायचा आणि वरून ओतलेला चहा झेलायचा. पिऊन झालं की पुन्हा विसळून टांगायचा. लिंब गेला, हॉटेल गेलं. आबांचा हात मात्र तसाच राहिला. कुणाच्याही घरी, अगदी स्वतःच्या घरीसुद्धा, चहा झाला की ते उठत, कप विसळत, पालथा घालत. "ऱ्हाऊ द्या की, मी हाय न्हवं," असं विठाबाई पन्नास वर्षं म्हणत होत्या. ते राहू देत नसत.

"इमानात बसून गेली," आबा म्हणाले, "आन् हसून सांगती. मी बी माझ्या आयला हसूनच सांगायचो."

फोन वाजला. आबांनी तो विठाबाईंच्या हातातून ओढूनच घेतला. करुणा आता दुकानात रांगेला उभी होती.

"आबा, रेंज गेली तुमची."

"ऱ्हाऊ दे. फोन फिरव. बाकीच्यांचे हात दाव."

"हात?"

"दाव म्हणतो ना."

करुणानं फोन फिरवला. कोटातला एक माणूस, हातात काचेचा कप. कडेवर पोर घेतलेली बाई, तिच्याही हातात स्वतःचा कप. मागचे दोघंतिघं रिकाम्या हातांचे. "त्यांना कागदी मिळतो," करुणा म्हणाली. "कचरा नको म्हणून, आबा. ज्याला वाटलं तो आपला आणतो."

आबांनी मान हलवली नाही. ते काउंटरकडं बघत होते. तिथं पांढऱ्या केसांची, दंडावर गोंदलेली एक बाई कॉफी करत होती.

"आता तुझा दे. आन् फोन हलवू नको."

करुणानं कप दिला. बाईनं झाकण काढलं, आत बघितलं आणि थांबली.

"काय झालं? का थांबली ती?"

"अगं बाई. कालचा तसाच हाय, आबा. ड्यूटीवरनं आले आन् झोपले, धुवायचाच राहिला."

"म्हागं घे." आबांचा आवाज चिरकला. "ती काय बोलायच्या आत म्हागं घे. तुझा तू धू."

बाई तोवर नळाकडं वळली होती. तिनं कपात दोन बोटं घातली, कालचा डाग खरवडला, कप पाण्याखाली फिरवला, फडक्यानं पुसला. करुणाशी काहीतरी बोलली. मग कप मुठीत धरून, भांड्याचं तोंड कपाला टेकवून तिनं फेसाळ दूध ओतलं.

"काय म्हणली?"

"म्हणली, लई दमलेली दिसतीस."

आबांनी फोन विठाबाईंकडं दिला. करुणा आज्जीला फेसावर दुधानं काढलेलं पान दाखवत राहिली, आज्जी "व्हय, व्हय" करत राहिल्या.

फोन संपला. आबांचा चहा गार झाला होता. तो त्यांनी एका घोटात संपवला. त्यांना मोरीकडं जायला वाट मिळावी म्हणून विठाबाईंनी नेहमीसारखे पाय आत ओढले.

आबा उठले नाहीत. कपाकडं बघत बसले. मग तो त्यांनी पुढं सरकवला, बोटभर.

"एवढा इसळतीस?"

विठाबाईंनी कप दोन्ही हातांनी उचलला.

गोष्ट झाली. आता एक मागणं. तुमच्या घरी चहा पिऊन कुणी कप घेऊन मोरीकडं उठलंच, तर चांगदेवआबांना आठवा. आणि त्याच्या आधी तुम्ही उठा.