छबुबाईचे बावीस दगड

हनुमानने दगड रंगावारी लावले होते. निळसर एका पेटीत, हिरवे दुसरीत, जांभळे तिसरीत. वर सगळे घासूनपुसून लख्ख. त्रिंबकने पेट्यांवरून एकदा नजर फिरवली आणि तो मटकन खालीच बसला.

“आणि ते लाकडी ठोकळे? किती मीटरवरचा दगड ते लिहिलेले?”

“थंडी लई होती सायेब,” वॉचमन हनुमान म्हणाला. “पाणी तापवाया चुलीत घातले.”

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते त्रिंबकला त्या सकाळी कळलं. मोठे साहेब भेटीला येणार असा निरोप आला, पसारा बरा दिसत नाही, म्हणून या शहाण्याने दोन दिवस खपून सगळं निवडून ठेवलं होतं. मोठे साहेब आलेच नाहीत. अरे, दगड म्हणजे काय बाजारातली डाळ आहे निवडायला?

दिंद्रुडच्या शिवारात जमिनीत हे खोल भोक पाडायला भूगर्भ खात्यातल्या त्रिंबकने अठरा वर्षं अर्ज केले होते. त्याचं एकच म्हणणं होतं, इथल्या काळ्या दगडाखाली भीमा गटाचे थर आहेत. आपल्या घराघरांत जी शहाबादी फरशी असते, ती त्याच गटातली. पृथ्वीवर साधा मासाही नव्हता, तेव्हा समुद्राच्या तळाशी थरावर थर साचलेला गाळ. ऑफिसात सगळे हसायचे. शेवटी यंत्र आलं आणि जमिनीतून लाटण्यासारखे गोल दगड एकामागून एक वर येऊ लागले. ज्या सकाळी काळा दगड संपून पहिला निळसर तुकडा हाती लागला, नेमकी त्याच सकाळी निवडणूक ड्यूटीची ऑर्डर आली. करता काय? पंधरा दिवस तो माजलगावात अडकला. अकराव्या दिवशी भोक पूर्ण झालं आणि यंत्र ट्रकवर चढून दुसऱ्या राज्यात गेलं. रोज किती मीटर खाली गेले, ते रजिस्टरात होतं. कोणत्या दिवशी कोणता दगड आला, ते फक्त पेट्यांना ठाऊक होतं. कोणता थर वर आणि कोणता खाली, हेच गेलं तर उरतात नुसते दगड. दुसरं भोक मागायचं, तर नोकरीचे पाच महिने उरले होते.

त्याने हनुमानला तोंडाला येईल ते सुनावलं. हनुमानने मान खाली घालून ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, की छबुबाईनेही दगड नेलेत, ते तेवढे माझ्या नावावर टाकू नका.

छबुबाई म्हणजे यंत्रावरच्या माणसांना दोन वेळचा डबा आणणारी बाई. साठीची. त्या ऑर्डरच्या सकाळीच त्रिंबकने तिला पदराआड तुकडा लपवताना पकडलं होतं. फुटका तुकडा, टाकूनच देणार तुम्ही, न्हाणीच्या कडेला लावते, असं ती म्हणाली. त्रिंबकचं डोकं आधीच फिरलेलं. चार माणसांत तो तिला चोर म्हणाला, पोलिसांत देईन म्हणाला. पण बाईने तुकडा सोडला नाही.

“त्यानंतरही नेले? किती?”

“रोज दोन. सकाळचा डबा दिला की एक, सांजच्याला एक. दारापासून रांगेत बसवलेत चिखलात. आमच्या घरातून दिसतंय की.”

त्रिंबक ताडकन उठला. रोज दोन, रांगेत! चोरीला गेलेले तेवढेच दगड जागच्या जागी होते. हनुमानची मोटारसायकल घेऊन तो गावाकडे सुटला. वाटेत दोनदा पडता पडता वाचला.

न्हाणीची कड रिकामी होती. वाळलेल्या चिखलात नुसती भोकं. छबुबाई दारात उभी होती आणि तिच्या पायाशी पोतं होतं. साहेब आज परत येणार, ही बातमी तिला कालच लागली होती.

“बावीस हायेत, मोजून घ्या,” ती म्हणाली. “धुऊन ठिवलेत. पोलिसाचं काम न्हाई.”

त्रिंबकने कपाळावर हात मारून घेतला. काय वेड आहे या गावाला धुण्याचं! ओरडायला त्याने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्याच्या त्या दिवशीच्या ओरडण्यापायीच तर ती न्हाणी उकरली गेली होती. हनुमान परवडला. हे दगड तर त्रिंबकने स्वतःच उपटल्यासारखे होते.

तो पोत्यापाशी बसला. आवाज एवढासा झाला. दगड मला नकोत, कोणता आधी बसवला आणि कोणता नंतर, एवढंच सांगा, अठरा वर्षांचं काम आहे, असं त्याने तिला विनवलं.

बाई वैतागली. नेला तरी बोलता, आणून दिला तरी रडता, असं काहीसं पुटपुटली. चिखल वाळून कडक झालाय, ज्याचं भोक त्यालाच बसतं, एवढीही अक्कल शिकलेल्या माणसाला असू नये का, असं म्हणत तिने पोतं उपडं केलं. बावीसांतून एक नेमका उचलला आणि दाराजवळच्या पहिल्या भोकात दाबला. बरोबर बसला. निळसर दगड, वरच्या अंगाला काळ्या दगडाचा पापुद्रा चिकटलेला.

त्रिंबकने घाईघाईने वही काढली. “हा कधीचा?”

“हा व्हय?” छबुबाई त्याच्याकडे न बघता म्हणाली. “तुमी मला चोर म्हणलं, त्या दिवसाचा.”