मीटर हलेना

मीटर अजून शून्यावरच होता. प्रितेशने काचेवर टिचकी मारून पाहिली, पण आकडा ढिम्म हलला नाही.

त्याच्या डोक्यात तिडीकच गेली. पडघ्यामागच्या या डोंगरपाड्यात सौर वीजघर यावं म्हणून तो ठाण्याच्या ऑफिसात साहेबांशी भांडला होता. पॅनल बसले, बॅटऱ्या भरल्या, प्रत्येक झोपडीत तार गेली, दिवा टांगला. आता भातकापणी उरकली, तरी एकाही घराने बटण दाबलं नव्हतं. अजून सगळीकडे घासलेटच्या चिमण्याच धूर ओकत होत्या.

"वाघ्या, बटणात साप बसलाय का?" त्याने पाड्याच्या कारभाऱ्याला विचारलं.

"न्हाय सायेब. लावू की."

"कधी?"

"लावू," म्हणत वाघ्या जमिनीकडे बघत राहिला.

हे 'लावू' ऐकून प्रितेशचे कान किटले होते. झटका बसत नाही, घर पेटत नाही, हे तो दर खेपेला घसा सुकेपर्यंत सांगायचा. एकदा भर दुपारी स्वतःच दिवा लावून दाखवायला गेला, तर वाघ्याच्या म्हाताऱ्या आईने, ठमाबाईने, त्याचा हात धरला.

"उनात कोन दिवा लावतं का, सायेब? रातचं ऱ्हावा. कोंबडा कापते."

"आजी, पडघ्याची शेवटची गाडी चुकली तर मी कशेळीला घरी कसा जाऊ?"

कोंबड्याचं आमंत्रण दर वेळी ठरलेलं, आणि त्याचं घड्याळ बघणंही.

ऑफिसने शेवटचं बजावलं : वापर नसेल तर संच काढून दुसऱ्या पाड्याला द्या. प्रितेशने ते वाघ्याला सांगितलं, हात जोडून सांगितलं. पुढच्या खेपेला मीटर पुन्हा शून्यावर. पालथ्या घड्यावर पाणी, असं म्हणत शेवटी तो स्वतःच टेम्पो घेऊन आला.

कोणी अडवलं नाही. लग्नघरी मदत करावी तसा वाघ्या शिडी धरून उभा होता, बाया तारा गुंडाळून देत होत्या. हे बघून प्रितेश आणखीच वैतागला. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

शेवटचा पॅनल टेम्पोत चढला. ठमाबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला. त्याला राहवलं नाही.

"आजी, तुमच्यासाठी मी नोकरी पणाला लावली. एकदा, फक्त एकदा दिवा लावला असता तर आज हे न्यावं लागलं नसतं. का नाही लावलात?"

ठमाबाई त्याच्याकडे नवलाने बघत राहिली.

"आमी कसा लावनार, बाबा? पेरनाऱ्यानं पयला घास खाल्ल्याबिगर नव्या पिकाला पाड्यात कोन हात लावत न्हाय. ह्यो उजेड तुमी पेरला. आन तुमी रातचं कदी थांबलाच न्हाय."