लसूण खाल्लास का?

संत आंद्रेईच्या सणाला आमच्या गावात दाराखिडक्यांना लसूण चोळतात. अंधार पडला की रक्तपिशाच्च खिडकीशी येऊन विचारतं, "लसूण खाल्लास का?" तेव्हा गप्प बसायचं, उत्तर दिलं की ते घेऊनच जातं, हे पोरासोरांनाही ठाऊक.

माझी शेजारीण झामफिरा तर गावची चेटकीण. तिच्या जडीबुटीने गावातले सगळे नवरे सुतासारखे सरळ झाले, एक तिचा ग्रिगोरे सोडून.

यंदा मी तिच्याकडेच बसले होते. खिडकीतून प्रश्न आला आणि ही बया चक्क म्हणाली, "नाही हो, सकाळपासून काहीच नाही."

मी तिचा हात ओढला. "अगं, रक्त पिईल मेला तुझं!"

"मेला तर मेला. 'खाल्लास का' विचारलं तरी त्याने. आमच्या जिवंताला लग्न झाल्यापासून सुचलं नाही."

खिडकीचा लसूण डोईच्या रुमालाने पुसून ती गेली त्याच्याबरोबर.

ग्रिगोरे झिंगत घरी आला. मी रडत रडत त्याला सगळं सांगितलं. त्याने डोक्यावरची टोपी काढली. मग चुलीकडे बघत कसाबसा म्हणाला,

 

"स्वयंपाक करून गेली ना?"