तीन सारस

शिडीवरून उतरल्यावर इसाकूने वर पाहिलंच नाही. दोन खोल्यांमधल्या दारावरची कोरीव फळी, रान्मा, पुन्हा जागेवर बसली होती, आणि हा तिच्याकडे पाठ करून उगाच रुमालाने बोटं पुसत होता. फळी जिच्या घरची, ती घरमालकीण चहा करायला आत गेली होती. जवळ होती ती फक्त त्याची बायको, तोमिए.

फळी त्याच्या आजोबांच्या हातची. तीन सारस. गेल्या भूकंपात त्यातल्या एकाचं डोकं तुटून त्याचा चुरा झाला. ते इसाकूने नव्याने कोरलं, चहा आणि काजळीचा हात देऊन जुन्या लाकडात मुरवलं. पण मोतीबिंदू काढल्यापासून त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा राहिला नव्हता. त्यात हे काम मुळातच आडमुठं. चटईवर बसणाऱ्याला खालून सरळ दिसायला हवं, म्हणून कोरतानाच वाकडं कोरायचं. हे डोकं वाकडं झालं होतं खरं; पण तो वाकडेपणा कलेचा की म्हातारपणाचा? म्हातारपणाचा असेल तर छिन्न्या आजच मुलाच्या हवाली करायच्या, असं त्याने ठरवलं होतं. ठरवल्यापासून घास गोड लागत नव्हता.

"तोमिए, खाली बस आणि नवं डोकं कुठलं ते सांग."

"इतके दिवस कापडाखाली लपवलंत, आणि आता परीक्षा माझी होय?"

ती गुडघे मोडून बसली. एवढ्या संसारात तिने नवऱ्याच्या कामाला कधी तोंडदेखलं 'छान' म्हटलं नव्हतं. म्हणून तर तिला आणलं होतं.

"मधलं," ती म्हणाली.

"नीट बघ."

"बघितलं. मान बघा की, काठी गिळल्यासारखी! बाजूचे दोघे कसे मोकळे आहेत. तुम्हाला मेलं मोकळं काही जमतच नाही."

इसाकू धपकन तिच्याशेजारी बसला. छातीवरचा दगड उतरला होता. मग त्याने पहिल्यांदाच वर पाहिलं. डावीकडचा, त्याचा सारस, मान वळवून थेट दोघांकडे बघत होता. त्याला हसू आवरेना. डोळे भरून आले.

"हसताय काय? चुकलंय ना?"

"चुकलंय खरं," इसाकू डोळे पुसत म्हणाला. "पण आता आजोबांना कोण सांगणार?"