पाचवं मिनिट

वडिलांनी हेडफोन कानांवर चढवले तेव्हा भिंगरी आपल्या प्रदर्शनाच्या दाराशी पाहुण्यांचं स्वागत करत होती. तिचं हसू तिथेच विरलं. जिना आहे, गर्दी असेल, उगाच दगदग होईल, असं तिनं त्यांना तीनदा सांगून पाहिलं होतं. शेवटी दादा त्यांना घेऊनच आला.

दालनभर पांढरे पडदे टांगले होते. त्यांवर वडिलांची अर्धवट वाक्यं लाल दोऱ्यानं भरलेली: ‘ही... ही आपली...’, ‘अगं, ही नाही का...’ भिंगरी चित्रं काढायची, भरतकाम करायची, आवाज जोडायची. नेमकं काय करतेस असं नातेवाइकांनी विचारलं की विषय बदलायची. या कामाचं मात्र सगळे तोंडभरून कौतुक करत होते. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर वडिलांना शब्द सापडेनासे झाले होते. तिनं स्वतःचा फोटो त्यांच्यापुढे धरून विचारलं होतं, “ही कोण?” आणि त्यांची धडपड रेकॉर्ड केली होती.

रेकॉर्डिंग चार मिनिटांचं होतं. वडिलांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग हेडफोन काढून उलटसुलट करून पाहिले, पुन्हा लावले. पुढचं कुठे गेलं, ते बघत होते.

पुढचं होतं. पाचव्या मिनिटाला, घामाघूम होऊन, ते ‘भिंगरी’ म्हणाले होते आणि मग कितीतरी वेळ हसत होते. तेवढंच तिनं कापलं होतं. नावावर संपलं तर काम फार घरगुती होईल, असं तिला वाटलं होतं. तेव्हा लाज वाटली नव्हती. आता मान वर करवेना.

शेजारी दुसऱ्या हेडफोनवर ऐकत उभ्या असलेल्या बाईंनी डोळे टिपले. वडिलांकडे वाकून, ऐकू न येणाऱ्या माणसाशी बोलावं तशा मोठ्यानं त्या म्हणाल्या, “आजोबा, लेकीचं नाव शेवटपर्यंत आठवलंच नाही का हो?”

आजूबाजूचे लोक वळून पाहू लागले. भिंगरी पुढे झाली. खरं काय ते सांगून टाकावं म्हणून तिनं तोंड उघडलं, पण शब्द फुटेना.

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. मग पडद्यांकडे, जमलेल्या लोकांकडे, आणि पुन्हा तिच्याकडे.

“नाही,” ते म्हणाले. अजिबात न अडखळता.